फुरशाचे विष आणि क्षयाचा जंतू

रत्नागिरीच्या कातळावर राहणाऱ्या माणसाला फुरसे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. हातभर लांबीचे, मातकट रंगाचे, दगडाखाली अंग चोरून बसणारे आणि डिवचले की वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढणारे हे जनावर. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने या जिल्ह्यात फुरशी मारणाऱ्याला इनाम लावले होते आणि लोकांनी ती लाखांनी मारून आणली, अशी नोंद आहे. इनाम बंद झाले. फुरशी काही संपली नाहीत. आजही गवत कापताना, बागेतला दगड उचलताना ते चावते. फरक एवढाच, की आता माणसे रोग्याला उचलून सरकारी दवाखान्यात नेतात, तिथे शिरेतून सापावरची लस देतात, आणि वेळेवर पोचलेला माणूस बहुधा आपल्या पायांनी घरी परत येतो.

आता एक प्रश्न. सापाचे विष इतके जालीम. पण त्यावर उतारा सापडून सव्वाशे वर्षे उलटून गेली. क्षयाचा जंतू त्या मानाने अगदी संथ. महिने घेईल, वर्षे घेईल. मग क्षयाच्या रोग्याला अशीच एखादी लस टोचून आठ दिवसांत मोकळे का करता येत नाही? सहा सहा महिने गोळ्या का गिळायच्या? आणि याच प्रश्नाचा धाकटा भाऊ असा, की बोटभर रक्त घेऊन त्यातले प्रतिपिंड तपासले आणि क्षय आहे की नाही ते सांगून टाकले, असे का जमत नाही? दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधत गेलो तर आपण रक्तातल्या एकाच पेशीच्या दारात येऊन उभे राहतो. तिचे नाव बी पेशी.

हे प्रकरण पुस्तकी वाटेल, पण तसे ते नाही. या पेशीचा स्वभाव न ओळखल्यामुळे आपल्या देशात लक्षावधी लोकांचा पैसा वाया गेला, आणि पैशापेक्षा मोलाचे पुष्कळ काही गेले. ते पुढे सांगणार आहे. आधी सापाचे पाहू.

सापावरचे औषध घोड्याच्या रक्तातून निघते. घोड्याला विष अगदी थोड्या मात्रेत टोचतात आणि ती मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोडा मरत नाही. उलट त्याच्या रक्तात त्या विषाला जखडून टाकणारे पदार्थ तयार होतात. त्यांनाच शास्त्रात प्रतिपिंड म्हणतात. मग घोड्याचे थोडे रक्त काढून, तांबडा भाग बाजूला करून, उरलेल्या पिवळसर पाण्यातून हे प्रतिपिंड शुद्ध करतात आणि कुपीत भरतात. या पिवळसर पाण्याला सीरम असे नाव आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्याकडे या कामाशी फार वर्षांपासून जोडलेले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर औषध चालावे म्हणून चारही विषांचे प्रतिपिंड त्यात असावे लागतात. कारण नागाच्या विषावरचा प्रतिपिंड घोणशीच्या विषाला हात लावत नाही. ज्याचे कुलूप त्याचीच किल्ली.

बोलताना आपण या औषधाला 'लस' म्हणतो, पण खरे पाहता ती लस नव्हे. लस शरीराला शिकवते. हे औषध नुसते उसने देते. घोड्याने कमावलेले आपण आणून वापरले, इतकेच. म्हणून आज लस घेऊन वाचलेल्या माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा फुरसे चावले तर पुन्हा इंजेक्शन लागते. वासराला गाईच्या चिकातून मिळते तेही असेच उसने बळ. गाईचे प्रतिपिंड त्या चिकात भरपूर असतात आणि पहिल्या दिवशीच ते वासराच्या पोटात जाणे फार महत्त्वाचे असते. तेव्हा खरवसाचा मोह आवरून आधी वासराला पिऊ द्यावे, हे जुने शहाणपण शास्त्राला धरूनच आहे.

सापावरचे सीरम पहिल्यांदा तयार करणाऱ्यांत आल्बेर काल्मेट या फ्रेंच डॉक्टरांचे नाव आघाडीवर आहे. ते १८९१ मध्ये सायगावला गेले, तिथे नागाच्या विषाचा अभ्यास सुरू केला, आणि १८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये त्यांचे सीरम तयार झाले. त्यांच्या थोडे आधी, १८९० मध्ये, बर्लिनला एमिल फॉन बेरिंग आणि जपानचे किटासाटो यांनी घटसर्प आणि धनुर्वात यांवर हीच युक्ती शोधली होती. काल्मेट हे नाव मात्र लक्षात ठेवा. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशींचे मूळ कुठे, हा धागा सापडायला पुढे साठ-पासष्ट वर्षे गेली. आणि तो सापडला कोंबडीत! ज्यांनी घरी कोंबडी साफ केली असेल त्यांना ठाऊक असेल, की तलंगीच्या शेपटाकडे, विष्ठेच्या वाटेजवळ, एक लहानशी पिशवी असते. पक्षी वयात आला की ती आक्रसून जाते. फाब्रिशियस या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन करून ठेवले होते, म्हणून तिला 'बर्सा ऑफ फाब्रिशियस' म्हणतात. बर्सा म्हणजे पिशवी. तिचा उपयोग काय, हे तीनशेहून अधिक वर्षे कुणाला सांगता आले नव्हते. अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा तरुण या पिशवीचा अभ्यास करीत होता. त्याच्या चँग नावाच्या सहकाऱ्याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचे होते, की कोंबडीला जंतू टोचले की तिच्या रक्तात प्रतिपिंड येतात. त्याने ग्लिककडून काही कोंबड्या घेतल्या. जंतू टोचले. रक्त तपासले. काही कोंबड्यांत प्रतिपिंडाचा पत्ताच नाही! प्रात्यक्षिक फसले. मग चौकशी करता उलगडा झाला, की ज्यांची ही पिशवी लहानपणी काढून टाकली होती त्याच या कोंबड्या. हा शोधनिबंध एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकाने परत पाठवला, आणि अखेर १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनाच्या मासिकात छापून आला. मोठे शोध नेहमी मोठ्या दारातूनच येतात असे नाही.

बर्साच्या पहिल्या अक्षरावरून या पेशींना बी पेशी हे नाव पडले. माणसाला अशी पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. त्यांच्या भावंडांना टी पेशी म्हणतात. त्या छातीत हृदयाच्या वर असलेल्या थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात. थायमसचे हे काम जॅक मिलर यांनी लंडनला १९६१ मध्ये उंदरांवर दाखवले, आणि ही दोन निरनिराळी घराणी आहेत हे १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि त्यांचे सहकारी यांनी पुन्हा कोंबड्यांच्याच मदतीने सिद्ध केले.

शिक्षक बंधुभगिनींना मुलांना हे सांगायचे असेल तर फळ्यावर एक बेचकी काढावी. प्रतिपिंडाचा आकार अगदी बेचकीसारखा असतो. वरच्या दोन फांद्यांच्या टोकांनी तो जंतूला किंवा विषाला धरतो. खालची मूठ मोकळी राहते, आणि ती मूठ धरून शरीरातल्या भक्षक पेशी त्याला जंतूसकट गिळतात. प्रत्येक बी पेशीजवळ एकाच मापाची बेचकी. शरीरात अशा अगणित मापांच्या बी पेशी हिंडत असतात. एखादा जंतू आला आणि त्याच्या अंगाला नेमकी एखादीची बेचकी बसली, की ती पेशी वाढू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशा हजारो होतात. त्यांतल्या काही प्रतिपिंडांचा कारखानाच बनतात आणि सेकंदाला हजारोंच्या संख्येने ते रक्तात सोडतात. काही मात्र मागे राहून वर्षानुवर्षे त्या जंतूची आठवण धरून बसतात. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही, त्यात या आठवणीचा मोठा वाटा आहे.

आता क्षयाकडे वळू.

क्षय कोकणाला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीचा चाकरमानी पिढ्यानपिढ्या राबला. चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-पंधरा माणसे, कोंदट हवा, अपुरे अन्न. पगाराची मनिऑर्डर ज्या वाटेने गावी येई, त्याच वाटेने पुष्कळदा हा रोगही येई. खोकत, खंगत माणूस घरी परते. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. रोग राहिला. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही भारतात आहे.

या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनला जाहीर केला. खोकणाऱ्या रोग्याच्या तोंडातून उडालेल्या सूक्ष्म तुषारांतून तो हवेत येतो आणि दुसऱ्याच्या श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. तिथे भक्षक पेशी गस्त घालीत असतात. त्यांतली एखादी त्याला गिळते. इतर जंतू असता तर तिथेच पचून गेला असता. पण याच्या अंगावर मेणचट कवच आहे आणि पचनाचे काम बंद पाडण्याची विद्या त्याला अवगत आहे. गिळणाऱ्या पेशीच्या पोटातच तो मुक्काम ठोकतो. इतर कित्येक जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. हा पंधरा-वीस तास घेतो. घाई नाही. चोराने फौजदाराच्याच माजघरात बिऱ्हाड करावे, तसला हा प्रकार आहे.

इथे प्रतिपिंडाची पंचाईत होते. प्रतिपिंड रक्तात आणि शरीरातल्या पाण्यात फिरतो. जिवंत पेशीच्या आत शिरणे हे सहसा त्याचे काम नाही. समुद्रकाठच्या मंडळींना हे चटकन पटेल. रापण ओढली की पाण्यात मोकळी फिरणारी मासळी जाळ्यात येते. पण कातळाच्या बिळात बसलेली कुर्ली काही येत नाही. तिच्यासाठी बिळातच हात घालावा लागतो. सापाचे विष ही पाण्यातली मासळी, घटसर्पाचे विषही तेच. क्षयाचा जंतू म्हणजे बिळातली कुर्ली. आणि बिळात हात घालणे हे टी पेशींचे काम. जंतू ज्या भक्षक पेशीत लपला आहे तिला त्या ओळखतात, रासायनिक निरोप देऊन तिला चेतवतात, आणि मग ती आपल्या पोटातल्या जंतूला पचवू लागते.

हे कळायला वेळ लागला आणि मधल्या काळात फार मोठ्या माणसांची निराशा झाली. घटसर्पावरच्या यशानंतर बेरिंग यांनी क्षयावर अनेक वर्षे खर्च केली. युरोपात क्षयावरची निरनिराळी सीरमे निघाली, विकलीही गेली, आणि विसरलीही गेली. पुढे १९४५ मध्ये अमेरिकेत मेरिल चेस यांनी गिनीपिगांवर एक साधा प्रयोग केला. क्षयाची ओळख झालेल्या प्राण्याच्या कातडीत क्षयजंतूचा अर्क टोचला की तिथे फुगवटा येतो. आपल्याकडे दंडापुढे हातावर टोचून करतात ती माँटू चाचणी याच तत्त्वाची. चेस यांनी अशा प्राण्याचे सीरम निरोगी प्राण्याला दिले. फुगवटा आला नाही. मग त्याच्या पांढऱ्या पेशी दिल्या. फुगवटा आला! क्षयाची ती ओळख रक्ताच्या पाण्यात नव्हती, पेशींत होती.

निसर्गानेही आपल्यापुढे दोन उदाहरणे ठेवली. १९५२ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनी एका आठ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या रक्तात प्रतिपिंड जवळजवळ नव्हतेच. अशा मुलांना न्यूमोनिया, कानाचे पू होणे, असले रोग पुन्हा पुन्हा होतात. पण क्षय त्यांना इतरांपेक्षा फारसा अधिक छळतो असे दिसत नाही. उलट एच.आय.व्ही.च्या रोग्याकडे पाहा. त्या विषाणूने टी पेशींतल्या मदतनीस पेशी मरतात, आणि पाठोपाठ क्षय येतो. आपल्या देशात हे किती घरांनी पाहिले असेल, ते सांगायला नको.

तेव्हा पाठ्यपुस्तकांनी निकाल लावला: क्षयाशी लढाई टी पेशींची, बी पेशी प्रेक्षकांत. निकाल बराचसा खरा होता. पण गंमत अशी, की शास्त्र एका बाजूला हे सांगत असताना बाजार दुसऱ्या बाजूला प्रतिपिंडांवरच दुकान मांडून बसला होता.

सुमारे वीस वर्षांपूर्वी कुणाला खोकला लांबला आणि तो खाजगी प्रयोगशाळेत गेला, तर त्याच्या हातात 'टीबी आयजीजी, आयजीएम' अशा नावाचा कागद पडण्याचा बराच संभव असे. ही होती रक्तातले क्षयाचे प्रतिपिंड मोजण्याची चाचणी. दिसायला सोपी. बेडका काढण्याची किळस नाही, दोन दिवसांच्या खेपा नाहीत, तासाभरात उत्तर. सरकारी क्षयकार्यक्रमात ती नव्हती. पण बाहेर तिचा सुळसुळाट होता. जगभर अशा दहा लाखांहून अधिक चाचण्या वर्षाला होतात आणि रोगी एकेका चाचणीला तीस डॉलरपर्यंत मोजतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सांगितले. भारत ही त्यांची मोठी बाजारपेठ होती.

चाचणी फसत का होती, हे आता तुम्हीच सांगू शकाल. प्रतिपिंड म्हणजे बी पेशीची आठवण. आठवण एवढेच सांगते, की या जंतूची किंवा त्याच्या एखाद्या चुलत भावाची कधीतरी गाठ पडली होती. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बी.सी.जी. टोचतात, तो क्षयजंतूचाच नातेवाईक. मातीत, पाण्यात त्याचे आणखी निरुपद्रवी नातेवाईक असतात. शिवाय पुष्कळ निरोगी माणसांच्या अंगात खरा क्षयजंतू शिरून निपचित पडलेला असतो. अशांपैकी शेकडा पाच ते दहांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. या सगळ्यांच्या रक्तात ओळखीच्या खुणा असू शकतात. उलट खराखुरा रोगी, विशेषतः अशक्त झालेला किंवा एच.आय.व्ही. असलेला, त्याच्या रक्तात प्रतिपिंड चाचणीला सापडतील इतके नसूही शकतात.

समजा, लग्न ठरलेल्या एखाद्या मुलीला साधा खोकला झाला आणि या कागदावर 'आहे' असे आले. सहा महिने नको ती औषधे पोटात, आणि लग्न मोडले ते वेगळेच. समजा, तिच्या शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याला खरोखर क्षय होता आणि कागदावर 'नाही' आले. तो अंगणात नातवंडांना मांडीवर घेऊन खोकत राहिला. दोन्ही चुकांची किंमत भारीच, पण मला दुसरी जास्त भयंकर वाटते. ती कुणाला दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ९४ अभ्यास तपासून पाहिले आणि जुलै २०११ मध्ये स्पष्ट सांगितले, की क्षयाच्या निदानासाठी या चाचण्या वापरू नयेत. भारत सरकारने जून २०१२ मध्ये त्यांची आयात, उत्पादन, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली. योग्यच केले, उशिरा केले, एवढे म्हणायला हरकत नाही. एक खुलासा इथे हवा. रक्ताची एक वेगळी चाचणी आहे, जी टी पेशींनी सोडलेला रासायनिक निरोप मोजते. तिच्यावर ही बंदी नाही. पण तीही जंतू अंगात शिरला आहे का, एवढेच सांगते. तो झोपला आहे की रोग माजवतो आहे, हे तिलाही सांगता येत नाही.

बी पेशींची कथा इथेच संपली असती तर त्यांच्यावर अन्याय झाला असता. फुप्फुसात क्षयाचे जंतू जिथे रुजतात, तिथे शरीर त्यांच्याभोवती पेशींची भिंत रचते. आपल्याकडे वाडीभोवती दगडावर दगड ठेवून गडगा घालतात ना, तसाच हा गडगा. आत जंतू आणि त्यांनी व्यापलेल्या भक्षक पेशी, बाहेर टी पेशी. या गाठींवरूनच रोगाला 'ट्यूबरक्युलोसिस' हे नाव मिळाले. ट्यूबरकल म्हणजे लहान गाठ. शस्त्रक्रियेने काढलेली माणसांची फुप्फुसे एकविसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांनी नव्या रीतीने रंगवून पाहिली, तेव्हा गडग्याच्या बाहेरच्या अंगाला बी पेशींचे थवेच्या थवे वस्ती करून बसलेले दिसले. ज्यांचा या लढाईशी संबंध नाही असे आपण म्हणत होतो, त्या तिथे गोळा कशाला झाल्या?

उंदरांवर प्रयोग झाले. बी पेशी नसलेल्या उंदरांना क्षय दिला. काही ठिकाणी त्यांचे हाल जास्त झाले, काही ठिकाणी विशेष फरक दिसला नाही. उंदराचा क्षय माणसासारखा नसतो, म्हणून माकडांकडे जावे लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात औषध देऊन माकडांच्या बी पेशी नाहीशा केल्या आणि मग क्षयाची लागण केली. एकंदर रोगात फरक पडला नाही. पण एकेक गाठ स्वतंत्र तपासली, तेव्हा बी पेशी नसलेल्या माकडांच्या गाठींत जंतू अधिक निघाले आणि तिथल्या टी पेशींचे वागणेही बदललेले दिसले. म्हणजे गडग्याबाहेरची वस्ती रिकामटेकडी नव्हती. बी पेशी टी पेशींना जंतूचे तुकडे दाखवतात, त्यांना निरोप देतात. बिळात हात घालणारा वेगळा असला, तरी बीळ दाखवणाराही कुणी लागतोच.

त्याच वर्षी बॉस्टनच्या संशोधकांनी आणखी एक नवलाची गोष्ट मांडली. क्षयजंतू अंगात असून निरोगी राहिलेली माणसे आणि क्षयाने आजारी पडलेली माणसे, दोघांच्याही रक्तातले प्रतिपिंड त्यांनी ताडून पाहिले. जंतूला धरणाऱ्या फांद्या दोघांजवळही होत्या. फरक होता मुठीत. प्रतिपिंडाच्या मुठीला साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. त्या साखळ्यांची घडण दोन्ही गटांत वेगवेगळी निघाली. निरोग्यांचे प्रतिपिंड प्रयोगशाळेत भक्षक पेशींवर सोडले, तेव्हा त्या पेशींनी आतले जंतू अधिक चांगल्या रीतीने मारले. मूठ जशी असेल तशी ती भक्षक पेशीच्या हाताला लागते, आणि त्याप्रमाणे ती पेशी चेतते. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, चीनमधून बातमी आली. क्षयरोग्यांची सेवा करून वर्षानुवर्षे जंतूंच्या सहवासात राहिलेल्या आरोग्यकर्मचाऱ्यांपैकी काहींच्या रक्तातले प्रतिपिंड उंदरांना दिले असता त्या उंदरांना क्षयापासून काही प्रमाणात संरक्षण मिळाले.

तुम्ही म्हणाल, मग आता सापासारखी क्षयावरही लस आलीच की! नाही. उंदराला थोडे संरक्षण मिळणे आणि खोकणारा माणूस बरा होणे यांत फार मोठे अंतर आहे. यातून निघाले ते एवढे, की प्रतिपिंड आहेत का, हा प्रश्नच अपुरा होता. ते कसे आहेत, हे पाहायला हवे होते. बंदी घातलेल्या त्या चाचण्या फक्त मोजत होत्या. मुठीकडे कुणी पाहिलेच नव्हते. शिवाय जंतू आयुष्यभर बिळातच राहत नाही. पहिल्यांदा फुप्फुसात उतरताना तो बाहेर असतो, पेशी फुटली की बाहेर येतो, आणि तेवढ्या अवकाशात बेचकी त्याला गाठू शकते. क्षयावर नव्या लशी शोधणारी मंडळी आता टी पेशींच्या जोडीला प्रतिपिंडांचीही नोंद ठेवतात, ती याचमुळे.

आणि आपले काल्मेट? सापावरचे सीरम करणारा हाच माणूस पुढे क्षयाकडे वळला. पण तिथे त्याने सीरमची वाट धरली नाही. पशुवैद्य कामिय गेराँ यांना जोडीला घेऊन त्याने गाईंच्या क्षयाचा जिवंत जंतू बटाट्यावर, पित्तात भिजवून वाढवायला घेतला. १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे, २३० वेळा, नव्या नव्या खुराकावर घालता घालता तो जंतू निर्बळ झाला. हीच बी.सी.जी. लस. यातला सी काल्मेटचा, जी गेराँचा, आणि बी बॅसिलसचा, म्हणजे जंतूचा. आपल्या बी पेशीशी त्याचा संबंध नाही, मुलांचा घोटाळा होतो म्हणून सांगितले. उसने प्रतिपिंड इथे पुरणार नाहीत, शरीराच्या पेशींनाच शिकवायला हवे, ही त्यामागची दृष्टी. तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयापासून आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ही लस वाचवते. म्हणून ती जन्मताच टोचून घ्यावी. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाला मात्र ती आवर घालू शकली नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टू भागात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर तिची परीक्षा झाली, पंधरा वर्षे पाठपुरावा केला, आणि निष्कर्ष हाच निघाला. म्हणून दंडावर बी.सी.जी.चा वण आहे, मला क्षय होणारच नाही, असे कुणी समजू नये.

मग निदान करायचे कसे? जंतूची आठवण शोधण्यापेक्षा जंतूच शोधायचा, आणि फुप्फुसाच्या क्षयात तो सापडतो बेडक्यात. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, बेडक्यात रक्त, यांपैकी काही असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, छातीचा फोटो काढतात, किंवा ट्रूनॅट, सीबीनॅट अशा यंत्रांवर जंतूचा जनुकीय अंश शोधतात. यांतले ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या एका कंपनीने तयार केलेले आहे. नेहमीच्या औषधाला जंतू दाद देतो की नाही, हेही या यंत्रांवर कळते. मानेच्या किंवा काखेच्या गाठीचा क्षय असेल तर त्या गाठीतला अंश तपासतात. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. त्यांना डॉक्टरांकडेच न्यावे.

बेडका देताना तो सकाळी उठल्यावर, चूळ भरून, मोकळ्या हवेत उभे राहून द्यावा. दोन-तीनदा लांब श्वास घ्यावा आणि छातीतून खोल खोकून काढावा. नुसती लाळ चालत नाही. पुष्कळ नमुने एवढ्यासाठीच फुकट जातात. डबीचे झाकण घट्ट लावून ती त्याच दिवशी पोचवावी. डबी आरोग्य केंद्रात मिळते, आणि गावातल्या आशाताईंना सांगितले तर त्या आणूनही देतात.